भोक पाडायच्या आधी : उघड्या कॉकपिटमधल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल तुमचे प्रश्न

पावसाळा सरत आला की आमच्याकडे येणारी पत्रं बदलतात. बोट पाण्यात उतरवायची तयारी सुरू झालेली असते, तळाला रंग मारून झालेला असतो, आणि ‘यंदा चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा स्क्रीन) लावायचाच’ असं ठरवून सामान घरी येऊन पडलेलं असतं. या वेळी जवळजवळ सगळ्यांनी एकाच जागेबद्दल विचारलंय, ती म्हणजे उघडं कॉकपिट, बोट चालवणारे बसतात तो खोलगट भाग, जिथे डोक्यावर काही नाही, ऊन थेट, खारं पाणी थेट, आणि माणसांचे गुडघे आणि बूटही थेट. म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : आम्ही तीन मित्रांनी मिळून २६ फुटी जुनी शिडाची बोट घेतलीय, टिलरवाली (सुकाणू दांड्याने फिरवायची), गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच कायम बांधून) असते. ७ इंची चार्टप्लॉटर आणलाय. कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या दाराच्या) डाव्या बाजूला बल्कहेडवर (केबिनच्या भिंतीवर) मस्त मोकळी जागा आहे, तिथे फ्लश (भोक पाडून भिंतीच्या पातळीत) बसवू असं मी म्हणतोय. एक मित्र म्हणतो मागे टिलरजवळ हवा, तिसरा म्हणतो आत केबिनमध्येच ठेवू, बाहेर टिकणार नाही. रविवारी काम काढलंय, तर कुणाचं ऐकू? (वाचक, कुलाबा)

उत्तर : या रविवारी भोक पाडू नका, एवढं आधी ऐका. बाकी सगळं सांगतो.

मोकळी जागा दिसली की तिथे यंत्र लावायचं, ही चूक मी इतक्या बोटींवर बघितलीय की मोजायचं सोडलं. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही लावून दिलेत असे. कॉकपिटमध्ये एखादी जागा मोकळी असते ती बहुतेक वेळा माणसासाठी असते. कंपॅनियनवेच्या दोन्ही बाजूंचं ते बल्कहेड म्हणजे बसलेल्या माणसाची पाठ टेकायची जागा, तुमच्या बोटीवर पाहुणे आले की पहिले दोघं तिथेच जाऊन बसणार, पाय लांब करणार आणि पाठ स्क्रीनला लावणार. मग टिलर धरणारा ‘जरा सरकता का’ म्हणत राहतो, आणि नेमकं पाणी उथळ होत जाताना आकडा कुणाच्या तरी लाइफजॅकेटमागे असतो. मुंबईच्या बंदरात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो, सकाळी जिथून आरामात गेलात तिथे दुपारी चिखल असू शकतो. तो आकडा दिसलाच पाहिजे.

तर असं करा. ज्या खोक्यातून प्लॉटर आला त्याचाच पुठ्ठा घ्या आणि यंत्राच्या मापाचा तुकडा कापा, मधे स्क्रीनची चौकट काढा, जाड मार्करने त्यात खोलीचा आकडा लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात जेवढा तो खऱ्या स्क्रीनवर येतो. मास्किंग टेपने तिन्ही मित्रांच्या तिन्ही जागी असे तीन पुठ्ठे चिकटवा आणि नुसतं सेलिंग करून या. एकदा वाऱ्यावर चढत, टॅक घेत (नाक वाऱ्यातून वळवत), एकदा वारा मागून घेऊन जाईब करत (शेपूट वाऱ्यातून वळवत), आणि एकदा चार-पाच वाजता पश्चिमेचं ऊन तोंडावर असताना. दोन फेऱ्यांत उत्तर मिळतं. कुठला पुठ्ठा ओला झाला, कुठला मेनशीटच्या, म्हणजे मोठं शीड सांभाळायच्या, दोरीत अडकून फाटला, कुठल्यावर कुणाचा गुडघा बसला, दोर ताणायच्या विंचचं हँडल फिरताना कुठल्याला लागलं, सगळं पुठ्ठ्यावर उमटलेलं असतं. हँडल साधारण ८ नाहीतर १० इंचाचं असतं, त्याच्या पूर्ण वर्तुळात काहीही येता कामा नये, मुठीची जाडी धरून.

टिलरजवळ लावायचं म्हणणाऱ्या मित्राचा मुद्दा समजतो, हात पोचला पाहिजे. पण २६ फुटी बोटीत टिलर धरणारा बसतो पुढे तोंड करून, बहुतेक वेळा टिलरला जोडलेली लांब काठी, एक्स्टेन्शन, हातात घेऊन कडेला. ट्रान्समवरचा, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकावरचा, स्क्रीन म्हणजे प्रत्येक वेळी मान मागे वळवणं, आणि मान वळली की बोटही वळते. शिवाय मेनशीट तिथेच फिरते.

अशा बोटीला मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे कंपॅनियनवेच्या आत, कडेला बसवलेला फिरता आर्म. लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची फळी, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या टोकाला प्लॉटर. सेलिंग करताना बाहेर फिरवला की स्क्रीन कंपॅनियनवेच्या मधोमध येतो, टिलरवरून समोर दिसतो, पुढच्या वाटेवरची नजर फार हलवावी लागत नाही. लाट अंगावर आली की आत ढकलायचा. मूरिंगवर बोट सोडताना आत फिरवून वॉशबोर्ड (कंपॅनियनवे बंद करायच्या फळ्या) लावून टाकायचे, म्हणजे आठवडाभर ऊन नाही, पाऊस नाही, कुणाची नजर नाही. तिसरा मित्र आतच ठेवू म्हणतो त्याचंही यात समाधान होतं, आणि खरं म्हणजे तुमच्या तिघांत पाण्याचा अंदाज त्यालाच सगळ्यात बरोबर आलाय. स्क्रीनचं तोंड बाहेर चालतं, जोड, फ्यूज, जंक्शन हे सगळं आतच पाहिजे.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, पायऱ्या चढताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि त्याला तुमचा आर्मच लागणार आहे. म्हणून तो असा बसवा की ८० किलोच्या माणसाने बोट कललेली असताना लटकून घेतलं तरी निघणार नाही, म्हणजे स्क्रूवर नाही, आरपार नट-बोल्टवर, मागे १० मिलीमीटरच्या आसपास जाडीची प्लायची पट्टी एपॉक्सी मारून, आणि मोठे वॉशर. दोन, आर्म उघडा असताना माणसाला घाईत आत-बाहेर जाता आलं पाहिजे, त्यासाठी एका झटक्यात फिरेल अशी खिट्टी ठेवा, डिसमिस लागेल असं काही नको.

नट-बोल्ट घ्याल ते ३१६ स्टेनलेसचे घ्या. बाजारात नुसतं ‘एसएस’ म्हणून २०२ सर्रास मिळतं, आणि दुकानात ते सारखंच चकचकीत दिसतं, पण समुद्रावर एका सीझनमध्ये तांबूस ओघळ येतात. आर्म अॅल्युमिनियमचा असला तर स्टेनलेसचा बोल्ट त्यात कोरडा घालू नका, दोन धातू आणि खारं पाणी मिळून बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं खाल्लं जातं. मधे नायलॉनचा वॉशर आणि यासाठी मिळते ती पेस्ट लावा.

प्रश्न : माझी बोट मांडवीत असते. तीन वर्षांपूर्वी खोलीचा आणि वाऱ्याचा असे दोन डिस्प्ले बल्कहेडवर फ्लश बसवून घेतले. दोन्हीवर आयपीएक्स७ लिहिलंय. या पावसाळ्यानंतर एकाच्या काचेला आतून वाफ धरलीय, दुसरा मधेच बंद पडतो, टिचकी मारली की चालू होतो. वॉटरप्रूफ म्हणून पैसे मोजले, मग पाणी गेलं कुठून? (वाचक, पणजी)

उत्तर : मागून. माझ्या हाताखालून गेलेल्या बंद डिस्प्लेंपैकी बहुतेकांत पाणी मागूनच गेलेलं होतं, काचेतून क्वचित.

आधी त्या आयपीएक्स७ चा अर्थ. यंत्र १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तर आत पाणी जाऊन बिघाड होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे स्थिर पाणी. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी, तिला आयपीएक्स६ म्हणतात, आणि ७ पास झालं म्हणजे ६ आपोआप पास असं नसतं, दोन्ही लिहिलेलं असेल तरच दोन्ही. म्हणून बोट धुताना प्रेशर वॉशर डिस्प्लेवर मारू नका, कुणी पोऱ्या धूत असेल तर त्यालाही सांगून ठेवा. आणि ही सगळी परीक्षा नव्या यंत्राची, कनेक्टर नीट लावलेला असताना. तीन वर्षं उन्हात भाजलेल्या गास्केटची नाही.

आता एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो, तुमच्यासारखीच केस. डिस्प्ले समोरून अगदी स्वच्छ. आतून केबिनचं अस्तर काढलं तर केबल वरच्या एका भोकातून सरळ खाली येऊन थेट कनेक्टरमध्ये शिरलेली. डेकवरचं पाणी त्या भोकातून झिरपायचं, केबलच्या अंगावरून ओघळत यायचं आणि कनेक्टरच्या कॉलरमध्ये साठायचं. कनेक्टर फिरवून काढला तर आत हिरवं, आपल्याकडे बिनकल्हईचं पितळेचं भांडं कळकतं ना तसं, पाचातल्या दोन पिना कळकलेल्या आणि एक तर चिमटा लावल्यावर तुटूनच हातात आली. टिचकी मारली की चालू होतो याचं कारण हे असतं, पिनेला थोडा वेळ धातू लागतो आणि परत सुटतो.

वाफेचं कारण वेगळं. बऱ्याच डिस्प्लेंना पाठीमागे श्वास घ्यायला बारीक छिद्र किंवा पडदा ठेवलेला असतो. दुपारी काळी पेटी तापते, आतली हवा फुगते आणि बाहेर पडते, मग अंगावर एक लाट आली किंवा सर आली की पेटी एकदम थंड होते आणि हवा आत ओढून घेते. छिद्र मोकळं असेल आणि मागची बाजू कोरडी असेल तर कोरडी हवा जाते, काही बिघडत नाही. पण बसवणाऱ्याने ‘पाणी जायला नको’ म्हणून मागे सगळीकडे सिलिकॉन थापलं असेल तर छिद्र बुजतं आणि पेटी मिळेल त्या फटीतून ओढते, तिथे जर थेंबभर पाणी असेल तर तेही आत. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते वाळताना तांबं खातं, ते वायरीच्या जवळपासही नको.

तुम्ही करायचं ते असं. दोन्ही डिस्प्ले काढा, घरात कोरड्या जागी आठवडाभर राहू द्या, हेअर ड्रायर किंवा ओव्हन नको, काच सुटते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, पीन खाल्ली गेली असेल तर केबल बदला, घासून नवी होत नाही. परत लावताना गास्केट नवीन, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, आणि केबल अशी वळवा की कनेक्टरला लागायच्या आधी ती खाली जाऊन वर येईल, म्हणजे ओघळ त्या खालच्या वळणावरून टपकून जातो. या एका वळणाने किती यंत्रं वाचली असती हे आठवलं की जीव हळहळतो, त्याला एक पैसा लागत नाही.

आणि डिस्प्ले काढलाच आहे तर भोकाच्या कडेत डिसमिसचं टोक टोचून बघा. गोव्यात फायबरचं काम उत्तम होतं, दिवाडीच्या यार्डात बांधलेल्या तारिणीवरून नौदलाच्या सहा जणींनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तीसुद्धा लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवलेलीच बोट आहे. म्हणजे सँडविचमध्ये वाईट काही नाही, वाईट आहे ते त्यात पाडलेलं उघडं भोक. टोक सहज आत गेलं आणि तपकिरी ओलसर भुसा बाहेर आला तर गाभा कुजायला लागलाय. दोन फायबरच्या मधला तो भाग आत साधारण बोटाच्या पेराएवढा कोरून काढा, नीट वाळू द्या, एपॉक्सीची लांबी भरा, ती दगड झाली की तिच्यातून परत भोक पाडा. स्क्रूच्या भोकांनासुद्धा हेच, आधी मोठं भोक, एपॉक्सी भरून मग त्यात छोटं. यानंतर गास्केट कधी गळलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. भोकाभोवती डिस्प्लेखाली सील करायला ब्यूटाइल टेप बरी, ती मऊच राहते, पुढे काढायची वेळ आली तर निघते. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन लावलंत तर डिस्प्ले काढताना जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) सोबत येईल.

प्रश्न : एवढ्या महागाच्या यंत्रांपेक्षा टॅब्लेट प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून कॉकपिटमध्ये लटकवला तर? (वाचक, पुणे, शनिवार-रविवार मुंबईत सेलिंग)

उत्तर : जोडीला असू द्या, भरवशाला नको. अॅपल स्वतः आयफोन-आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये उन्हात, हवा बंद पाऊचमध्ये, तो आकडा कधीच मागे पडलेला असतो, स्क्रीन आधी मंद होतो मग ‘गार होऊ द्या’ म्हणून बंद. पाऊचवर खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की टच आपोआप चालतो, नकाशा भलतीकडेच सरकतो. आत चार्ट टेबलवर ठेवा, तिथे तो फार कामाचा आहे.

प्रश्न : मांडव्याला २४ फुटी बोट आहे. व्हीएचएफ रेडिओ (बोटींमधल्या बोलण्याचा) आत ऐकू येत नाही म्हणून कॉकपिटच्या बल्कहेडवर लावला, होकायंत्राच्या शेजारी. तेव्हापासून होकायंत्र आणि जीपीएसमध्ये १२ अंशांचा फरक पडतोय. होकायंत्र जुनं आहे, बदलू का? (वाचक, अलिबाग)

उत्तर : होकायंत्राला हात लावू नका, ते बिचारं त्याचं काम चोख करतंय. रेडिओ हलवा.

तुम्ही अलिबागचे आहात म्हणून तुमच्या गावातलीच गोष्ट सांगतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या करंटमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ही मोजणी अलिबागला नेली, इमारतसुद्धा चुंबकत्व नसलेल्या सामानाने बांधली. शहरातल्या ट्रामपासून लांब जावं लागलं, आणि आपण होकायंत्रापासून वीतभर अंतरावर स्पीकर लावतो, ज्याच्या पाठीमागे चांगलं जाडजूड चुंबक असतं.

तपासायची रीत सोपी आहे. बोट धक्क्याला घट्ट बांधा, म्हणजे तोंड हलणार नाही. होकायंत्र वाचा. रेडिओ बंद असतानाच त्याचे स्क्रू काढून तो हळूहळू हातात लांब न्या आणि कुणाला तरी काट्याकडे बघत बसवा. काटा परत जागेवर आला तर दोष स्पीकरच्या चुंबकाचा, तो रेडिओ बंद असला तरी असतोच. काटा तेव्हा हलला नाही पण बटण चालू केल्यावर हलला तर दोष वायरीतल्या करंटचा, त्याला उपाय म्हणजे प्लस आणि मायनसच्या वायरी वेणीसारख्या एकमेकींत पिळून न्यायच्या, दोघींचं चुंबकत्व एकमेकींना खाऊन टाकतं. प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तकात होकायंत्रापासून किती लांब ठेवायचं ते सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते पान कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

१२ अंश किरकोळ वाटू देऊ नका. तेवढ्या चुकीने दर ५ मैलांना तुम्ही १ मैल बाजूला जाता, आणि जीपीएस बंद पडलेल्या रात्री हातात होकायंत्रच उरतं. तुमच्यासाठी माझा सल्ला असा, की रेडिओचा मुख्य सेट आतच लावा आणि कॉकपिटसाठी त्याचा रिमोट माइक घ्या. रिमोट माइकमध्येही स्पीकर असतोच, त्याचा हुक होकायंत्राच्या विरुद्ध बाजूला ठोका. मुख्य सेट २५ वॉटचा, अँटेना मास्टच्या टोकावर, त्याचा पल्ला ५-६ वॉटच्या हातातल्या सेटपेक्षा कितीतरी जास्त. हातातला सेटही ठेवा, पण तो बॅटरी गेली तर किंवा बोट सोडायची वेळ आली तर म्हणून.

प्रश्न : मी सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये सेलिंग करतो, ३४ फुटी बोट, व्हील आणि पेडेस्टल (व्हीलचा खांब) आहे, कॉकपिटवर डॉजर (पुढचा कापडी आडोसा) नाही. उन्हाळ्यात रोज दुपारी गोल्डन गेटमधून २०-२५ नॉट वारा आणि पाठोपाठ धुकं. एआयएस (आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) डोळ्यासमोर हवं म्हणून ९ इंची स्क्रीन, ऑटोपायलटचं कंट्रोल आणि रेडिओचा माइक, सगळं पेडेस्टलवर लावायचा विचार आहे. वायरी पेडेस्टलच्या आतून नेऊ ना? (वाचक, ओकलंड, कॅलिफोर्निया)

उत्तर : वायरी पेडेस्टलच्या आतून नको. तिथे स्टिअरिंगची साखळी आणि वायर दोर फिरत असतात, शिवाय वर होकायंत्र. केबल आज बांधली म्हणून आज लागत नाही, दोन वर्षांनी टाय तुटतो आणि केबल साखळीत जाते, आणि मग नुसता स्क्रीन जाऊन भागत नाही, व्हीलच अडकू शकतं. पेडेस्टलसमोर जी गार्डची नळी असते तिच्या आतून न्या. बऱ्याच जुन्या बोटींवर ती १ इंचाची असते, तिच्यातून जाडे कनेक्टर जात नाहीत, तर ती काढून थोडी जाड नळी बसवून घ्या, खर्च वाटेल पण तिचं काम माणसाने धरायचंही आहे. नळीला भोक पाडलं की कड कानशीने गोल करा आणि रबराचा ग्रोमेट घाला, स्टेनलेसची कड सुरीसारखी कापते. नळी जिथे कॉकपिटच्या तळातून खाली जाते तिथला सांधा सगळ्यात महत्त्वाचा, कारण लाट आत आली की पाणी तिथेच उभं राहतं.

९ इंची बसतो का हे आधी पुठ्ठ्याने बघा, वर कुलाब्याच्या वाचकांना सांगितलंय तसंच. माझा अनुभव असा की पेडेस्टलवर ७ इंची पुरतो, ९ इंची होकायंत्र झाकतो, आणि मेनशीटचा सैल वेढा जाईबच्या वेळी मोठ्या पॉडच्या (स्क्रीनच्या पेटीच्या) कोपऱ्यात हमखास अडकतो. टचबरोबर बटणं असलेलं मॉडेल घ्या, तुमच्याकडे ऐन जुलैत गार वारं असतं, हातमोजे ओले असतात. आणि विकत घ्यायच्या आधी तुमचा पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन आडवा-उभा दोन्हीकडून बघा, काही स्क्रीन एका बाजूने पूर्ण काळे दिसतात.

धुक्यात एआयएस समोर असणं चांगलंच, पण त्यावर फक्त एआयएस असलेल्या बोटी दिसतात, छोट्या मासेमारीच्या होड्या आणि तुमच्यासारखे सेलर सगळेच त्यात नसतात. तुमच्याकडे मोठ्या जहाजांची वाहतूक चॅनेल १४ वर चालते, माइक हाताशी ठेवलात तर ते ऐकता येईल, कुठलं जहाज पुलाखालून येतंय ते स्क्रीनवर यायच्या आधी कानावर येतं.

नेटवर्कबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. एनएमईए २००० चा (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या केबलच्या जाळ्याचा) मुख्य कणा आत केबिनमध्ये कोरड्यात ठेवा आणि कॉकपिटमध्ये फक्त एक फांदी न्या, ६ मीटरपेक्षा लांब नको. कण्याच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक). पॉवर बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये मीटर लावा, ६० ओहम आलं पाहिजे. १२० आलं तर एक टर्मिनेटर नाही किंवा सुटलाय. ‘कधी दिसतं कधी जातं’ अशी तक्रार असेल तर नवीन यंत्र घ्यायच्या आधी एवढी तपासणी कराच.

प्रश्न : टिलरपायलट (टिलर आपोआप हलवणारं यंत्र) घेतलाय, एकट्याने शीड चढवताना टिलर धरायला कुणी नसतं म्हणून. बसवताना कुठल्या मापाने बसवू, आणि मित्राचा एका वर्षात पाण्याने गेला तसा माझा जाऊ नये म्हणून काय करू? (वाचक, ठाणे)

उत्तर : एकट्याने शीड चढवणाऱ्याला टिलरपायलटइतका उपयोगी सोबती नाही, चांगलं केलंत. रेमरीनच्या छोट्या टिलरपायलटची मापं ठरलेली आहेत : सुकाणूच्या अक्षापासून टिलरवरची पिन १८ इंच पुढे, आणि तिथून कडेच्या सीटवरचं टिलरपायलट बसवायचं भोक साधारण २३ इंचांवर, टिलर मध्यभागी असताना दांडा त्याच्याशी काटकोनात आणि जमिनीला समांतर. उजव्या बाजूला लावायचा धरून बनवलेला असतो, डावीकडे लावलात तर सेटिंगमध्ये बदलावं लागतं, नाहीतर तो बरोबर उलटा चालवेल. दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच्या पुस्तकातली मापं घ्या. सीट फायबरची सँडविच असेल तर वर पणजीच्या वाचकांना सांगितलेलं एपॉक्सीचं काम इथे दुप्पट गरजेचं, कारण सगळा जोर त्या एका भोकावर येतो.

करंटकडे बघा. बॅटरीपासून कॉकपिटपर्यंत ६ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. दीड चौरस मिलीमीटरची वायर घातलीत आणि लाटेत जोर लावताना समजा ५ अँपिअर खेचले तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, १२ पैकी. तेव्हाच तो ‘लो बॅटरी’ म्हणून हात टेकतो, नेमका जेव्हा हवा असतो तेव्हा. ४ चौरस मिलीमीटरची घाला, कल्हई केलेल्या तारेची, फ्यूज बॅटरीच्या जवळ.

पाणी दोन ठिकाणाहून जातं. एक म्हणजे दांडा जिथून आत-बाहेर करतो तिथल्या सीलमधून, त्यासाठी शिवलेलं कव्हर मिळतं, नाहीतर कॅनव्हासवाल्याकडून शिवून घ्या, दांड्याकडची बाजू सैल ठेवून. दुसरं म्हणजे सीटवरचं प्लगचं सॉकेट, आणि तुमच्या मित्राचा बहुतेक तिथूनच गेला असणार. ते सीटच्या आडव्या भागावर लावू नका, तिथे पाणी साठतं. उभ्या भिंतीवर, उंचावर, तोंड थोडं खाली. पिनांना ग्रीस, आणि प्लग काढला की त्याच क्षणी टोपी.

आणखी एक, टिलरपायलटच्या पोटात स्वतःचं होकायंत्र असतं. एकदा अलिबागकडे जाताना बोट मधेच आपोआप १५-२० अंश वळली, वारा तोच, लाटा त्याच, मी सगळीकडे शोधलं. शेवटी दिसलं की कुणीतरी हातातला रेडिओ सीटवर नेमका टिलरपायलटला चिकटून ठेवला होता, उचलला आणि बोट हळूहळू परत जुन्या रेषेवर आली. तेव्हा रेडिओ, मोबाइल, लोखंडी हत्यारं, सगळ्यांची जागा दुसऱ्या बाजूच्या लॉकरमध्ये ठरवून टाका. मूरिंग धरलं की टिलरपायलट पिनेवरून उतरवून, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, केबिनमध्ये आडवा ठेवा, आणि मग सॉकेटची टोपी लागलीय का ते एकदा हात लावून बघा.